बोगद्यातला गाडा

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? गोड कमी कर.

अण्णा नोकरीला होते त्या रेल्वेच्या जुन्या शेडच्या साहेबांनी घरच्या पत्त्यावर फोटो पाठवलाय. रुळांवर चार चाकांचा गाडा, वर लाकडी कमान आणि कमानीभोवती साळिंदराच्या काट्यांसारख्या हातभर पट्ट्या. खाली अण्णांचं नाव कोरलंय. उपयोग कुणालाच ठाऊक नाही. महिनाअखेर कळला नाही तर भंगारात. मला तर नाटकाचा सांगाडा वाटतो. पोरीच्या पदवीदानाला दांडी मारून मित्राच्या भिंती रंगवणारे आपले वडील, दुसरं काय करणार? मोडा म्हणून कळवते.

उलट टपाली लिही. आळस नको.
तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गुडघा बरा आहे, गोड चालू आहे. रागाव.

पण मोडा म्हणू नकोस! बोगदा मोजायचा गाडा आहे तो. कमान डब्याच्या मापाची, पट्ट्या बिजागरीवर. गाडा ढकलत बोगद्यातून न्यायचा. पट्टी वाकेल तिथं भिंत फार जवळ. अण्णा तिथं चुन्याची खूण करत, मग गवंडी तेवढा दगड तासत.

तू त्याच बोगद्यातून कॉलेजला जायचीस, पदवीनंतरही पुढच्या शिक्षणाला, खिडकीबाहेर कोपर काढून वाचत. तिथं भिंतीला घासून एका प्रवाशाचा हात गेला होता. अण्णांनी तुला दोनदा बजावलं, तू ऐकलं नाहीस. मग त्यांनी गाडा बनवला. लाइन एकच दिवस बंद मिळाली, नेमका तुझ्या पदवीदानाचा.

मी शेडमध्ये नोकरीला लागल्यावर हे कळलं. तुला सांगतो म्हटलं, तर अण्णा म्हणाले, भांडू दे तिला, कोपर शाबूत आहे ना. मी गप्प बसलो, चुकलंच.

माया असू दे.
तुझा धाकटा

दि. १३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

साहेबांना उपयोग कळवला. त्यांच्या कागदावर ‘कोणासाठी’ असा रकाना नव्हता. तो मी आखला आणि भरला.

त्या संध्याकाळी अण्णा दारात आले ते चुन्यानं पांढरे. मित्राच्या भिंती रंगवून आलात वाटतं, असं मीच म्हटलं. ते नाही म्हणाले नाहीत. पदवीचा कागद बघायला हात पुढे केले. असले हात लावू नका, डाग पडतील, असं मी बजावलं. त्यांनी हात मागे घेतले. नंतर कधी मागितला नाही, मीही दाखवला नाही.

आज कपाटातून काढून पाहिला. एकही डाग नाही.

तुझ्यावर रागावले आहे, तरी येत जा.
तुझी ताई