बिनअंड्याचा केक

३ फेब्रुवारी १९३८, बुलढाणा

केक! म्हणे केक करून द्या!

देऊळघाटचे पुंजाजी सकाळीच आले. वांग्यांची टोपली ओट्यावर ठेवली आणि दारातच उभे राहिले. मला वाटलं, कोकिळेच्या अभ्यासाचं विचारायला आलेत. गेलं वर्षभर त्यांची ही थोरली माझ्याकडेच राहते. एप्रिलात सातवीची परीक्षा, मग अमरावतीला मास्तरणीचं शिक्षण — सगळं ठरलेलं. म्हणजे मी ठरवलेलं.

"बाई, पोरीचं जमलं. नांदुऱ्याच्या उत्तमरावच्या पोराशी. आडत हाये त्यायची. सतरा तारखेले साखरपुडा."

"आणि परीक्षा?"

"आता कायले परीक्षा?"

पुढे ऐका! या उत्तमरावांनी नाताळात कापसाच्या जिनिंगच्या साहेबाच्या बंगल्यावर तीन रंगांचा, थरांचा केक पाहिला. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून खाल्ला नाही. पण तेव्हापासून तो डोळ्यांसमोरून हलत नाही. मुलाच्या साखरपुड्याला तसाच पाहिजे, फक्त अंडं नको. "पोरीची मास्तरीण मिशनात शिकली म्हने, तिले सांगा."

मिशन नव्हे, कॉन्व्हेंट! सांगून सांगून जीभ झिजली.

मी नाही म्हटलं. पुंजाजी हलले नाहीत. "हिच्या मांगं दोघी हायेत, बाई. मी काय करू?"

कोकिळा आत भांडी घासत होती. आवाज थांबला नव्हता.

४ फेब्रुवारी

हो म्हटलं.

पुंजाजी आज पोरीला न्यायलाच आले होते. केकला मदत लागेल म्हटलं, तर ठेवून गेले. साखरपुड्यापर्यंत मिळाली. एवढ्यात काय शिकवणार? एखादं प्रमेय, आणि साखर दळणं!

सगळी नोकरी इथल्या मुलींच्या शाळेत गेली. किती मुली आल्या, पाढे म्हटले, कुंकू लावून निघून गेल्या. एकसुद्धा मास्तरीण झाली नाही. ही होणार होती.

७ फेब्रुवारी

पहिला केक. फजिती.

पातेल्यात वाळू तापवली, आत डबा, वर परात, परातीवर निखारे. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथांची लोखंडी भट्टी होती. इथे मी आणि माझं नशीब. अंड्यांऐवजी दही आणि खायचा सोडा. पिवळ्या थरात हळद घातली. उघडून पाहते तो विटेसारखा तांबडा! सोड्याने हळद लाल होते — मीच शिकवते पोरींना, आणि मीच विसरले. बीटाचा थर मातकट. फक्त पालकाचा हिरवागार, तोही मधोमध बसलेला.

कोकिळेने चाखला. "गोड आहे, बाई." पोरगी चांगली आहे, म्हणजे पुढे सोसणार.

मग विचारते, "अंडं घातलं असतं तर चव कळली असती का?"

म्हटलं, "जायफळ भरपूर असलं तर कोणाच्या बापाला कळत नाही. केक हलका होतो, तेवढंच."

सिस्टर अगाथा आठवल्या. खोटं बोलणाऱ्या मुलीला रविवारी केकचा तुकडा मिळत नसे. मला दर रविवारी मिळाला.

९ फेब्रुवारी

पुन्हा बसला. दगड. बकरीनेसुद्धा हुंगून सोडला.

१२ फेब्रुवारी

फुलला!

दही जास्त आंबट घेतलं, लोणी हातानेच फेसलं, सोडा अगदी शेवटी. बीटात लिंबू पिळलं, थर गुलाबी राहिला. आणि हळदीऐवजी पळस! राजूरच्या घाटात सध्या झाडं नुसती पेटली आहेत. कोकिळेने ओटीभर फुलं वेचून आणली, कोमट पाण्यात भिजवली. असा केशरी रंग साहेबाच्या बंगल्यावरही नसेल.

आनंद झाला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. हा आनंद कशाचा? तिच्या पाटीवरची अक्षरं पुसायला मी साबण चांगला केला, याचा?

कोकिळा काही बोलत नाही. रडत नाही, रुसत नाही. सांगितलं की करते. अशा मुलींचा मला राग येतो. आणि आपण तरी काय बोललो आयुष्यात? बोललो भरपूर. घडलं काय?

१६ फेब्रुवारी

तीन थर एकावर एक. मध्ये लोणी-साखर. बाहेरून पांढरं लिंपण, कडेला डाळिंबाचे दाणे आणि चारोळ्या. तेल लावलेल्या कागदाचा कोन करून वेलबुट्टी काढायला सिस्टर अगाथांनी शिकवलं होतं. माझे हात आता कापतात. वेल कोकिळेने काढली.

वर नावं पाहिजेत, असा नांदुऱ्याचा निरोप. आधी मुलाचं, मग तिचं. तिने दोन्ही लिहिली. वळणदार, ओळ सरळ, एकही थेंब सांडला नाही. असं अक्षर फळ्यावर दिसायला हवं होतं. उद्या ते लोक खाऊन टाकतील.

निजण्याआधी तिने पुस्तकं फडक्यात बांधली. "कुठे ठेवू, बाई?"

म्हटलं, "ठेव कुठेही."

१८ फेब्रुवारी

काल झालं एकदाचं.

परात मांडीवर धरून छकड्यातून देऊळघाटला गेले. प्रत्येक खड्ड्याला जीव वर. मांडवात केक ठेवला तशी बायापोरं लोटली. "अवो माय, हे खायाचं का पाह्याचं?"

उत्तमराव पुढे आले. धिप्पाड माणूस, माळेवर हात. "बाई, शपथ घ्या. अंडं नाही ना?"

मी म्हटलं, "मी शपथ घेत नाही. खोटंही बोलत नाही. यात अंडं नाही. खायचा तर खा, नाहीतर घरी घेऊन जाते."

उत्तमराव मोठ्याने हसले. "मास्तरीण कडक हाये बे! बाईचा शबद हाये, घ्या!" भाजीच्या विळ्याने कापला! आत केशरी, हिरवा, गुलाबी दिसला, आणि माणसं अक्षरशः ओरडली. उत्तमरावांनी बोटं चाटली, पुन्हा मागून घेतला. त्यांची बायको शालूबाई म्हणते, "कापसावानी हलका हाये! सूनबाई, मले शिकवजो बरं."

मग मी तोंड उघडलं. मुलगी हुशार आहे, परीक्षेपुरतं थांबा.

"कायले, बाई? हिशेब आमचा पोरगा करते. तिनं असे केक करावं!"

सगळे हसले. कोकिळा खाली मान घालून बसली होती, ओटीत नारळ. मी सांगितलं म्हणून, मी शिकवलेल्या हाताने, मी केलेल्या केकवर तिने स्वतःचं नाव लिहिलं, आणि ते लोकांनी खाल्लं.

एकटीच परत आले. पुस्तकांचं गाठोडं खुंटीला आहे.

१९ फेब्रुवारी

काही नाही. जेवले नाही.

२१ फेब्रुवारी

पुंजाजी आले, ते ओरडतच. "बाई, घात केला तुम्ही माह्या!"

शालूबाई साखरपुड्याला आली ती दोन दिवस देऊळघाटलाच राहिली. काल निघताना कोकिळेला विचारलं, "काय काय घातलं होतं वो?" पोरीने सगळं सांगितलं — मैदा, लोणी, पळस. आणि बारा अंडी.

मी ताडकन उठले. "कोण म्हणतं अंडी?"

"तुमची कोकिळाच! म्हनते, बाईले माहीत हाये, म्या सोताच फोडली! शालूबाईनं तोंडात बोटं घालून वकाऱ्या काढल्या. तिले न्यायले आलेल्या उत्तमरावनं माळ उतरवून देवापुढं ठेवली. लगन मोडून राह्यलं, बाई! माय तिची, रुखमा, डोकं बडवून घेऊन राह्यली. पोरीले दोन ठेवून देल्या मी — तरी तेच. बारा."

मी बसले.

"परवा उत्तमराव तुमच्याकडं येते. म्हने, बाई खोटं बोलत नाही, बाईच्या तोंडून ऐकीन. तुम्ही सांगा खरं काय ते. पाया पडतो."

हो म्हटलं की नाही म्हटलं, आठवत नाही. अख्ख्या वर्षात ही पोरगी एक शब्द उलट बोलली नव्हती.

२२ फेब्रुवारी

खरं सांगितलं, तर फाल्गुनात लग्न. आणि त्या घरात ती जन्मभर खोटारडी.

खोटं सांगितलं, तर? पुंजाजी तिला परीक्षेला बसवतील? वाटत नाही. शेतात राबवतील, किंवा कोणा बिजवराला देतील. पाठच्या दोघींचंही अडेल. माझ्या घरचं पाणी कोणी पिणार नाही. माळकऱ्यांना फसवून बाटवणारी म्हणून बोट दाखवतील. आणि शब्द जाईल. माझ्याजवळ दुसरं आहे काय? ना मूल, ना माणूस.

इकडूनही अंधार, तिकडूनही अंधार. आणि गंमत म्हणजे, उभ्या जन्मात एकच केक अंड्याशिवाय फुलला माझा!

गाठोडं खुंटीवरून काढलं. भूमितीच्या पुस्तकात पळसाची पाकळी. खूण नवव्या प्रमेयावर आहे. मी सातव्यापर्यंतच शिकवलं होतं.

२३ फेब्रुवारी

उत्तमराव आले. गळा मोकळा. पाणी घेतलं नाही, बसले नाहीत.

"बाई, तुमचा शबद. अंडी होती का? किती होती?"

म्हटलं, "बारा. ताजी होती."