स्नेहलचा चहा आणि माझे फॉन्ट

३ फेब्रुवारी, सोमवार
माझी धाकटी बहीण स्नेहल. वय तिशीचं, बुद्धीनं जरा सावकाश. वाचते, पण एकेक अक्षर लावत. तिला एकटीनं चहा करायचाय. तिच्या कार्यशाळेतल्या आराधना मॅडम म्हणाल्या, ओट्याशी कृती लिहून लावा, फॉन्ट वाचायला सोपा घ्या. योग्य माणसाला सांगितलं. माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर टायपिंग-डिझाइनचं दुकान आहे; अख्ख्या भिंगार गावात यातला कलावंत मी एकच.

४ फेब्रुवारी
लग्नपत्रिकेचा फॉन्ट लावला. वेलबुट्टी, मागं सावली. बायको संस्कृती म्हणाली, चहा करायचाय का चहाचं लग्न लावायचंय? तिला डिझाइन कळत नाही.

संध्याकाळी
स्नेहलनं ‘साखर’ची ‘सारवर’ वाचली. सारवरचा डबा शोधेपर्यंत पाणी आटलं, पातेलं करपलं. चूक ‘ख’ची आहे.

६ फेब्रुवारी
तिरका फॉन्ट. मजकुराला गती येते. स्नेहलनं मान वाकडी करून वाचलं. ‘दूध’ला ‘दूघ’ म्हणाली. सवय होईल.

८ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. साधं ठसठशीत अक्षर, आकार मोठा, ओळींत मोकळी जागा, एका ओळीत एकच काम. म्हणालो, माहीत आहे. इतक्या सोप्या कामाला कलावंत लागत नाही, म्हणून केलं नव्हतं.
स्नेहलनं कागद फाडला. म्हणाली, दादा, मला वाचता येतं. तुझं अक्षरच लबाड हाय.
रागात माणूस काहीही बोलतो. जेवण मात्र गेलं नाही.

१० फेब्रुवारी
संस्कृतीनं स्नेहलपुढं चार नमुने ठेवले. स्नेहलनं बोट ठेवलं ते कॉम्प्युटरवर आपोआप येणाऱ्या फॉन्टवर. तो नमुना घाईत मीच टाइप केला होता. म्हणजे निवड माझीच.

१२ फेब्रुवारी
चहा झाला. एकटीनं केला. फार गोड. दोन कप प्यायलो.

१५ फेब्रुवारी
स्नेहल थर्मासात चहा घेऊन घरून एकटीच माझ्या दुकानाकडं निघाली. पाट्या वाचत जा, असं संस्कृतीनं सांगितलेलं. वाट बघून जीव टांगणीला लागला. बाहेर आलो, तर शेजारच्या अजिनाथच्या पंक्चरच्या दुकानात बाकावर बसलेली. चहा अजिनाथनं संपवलेला. स्नेहल म्हणाली, ह्याची पाटी वाचता आली, तुझी न्हाई.
अजिनाथ म्हणाला, राधाभाऊ, आमालाबी येत न्हाई. टायपिंगचं दुकान कुठंय, म्हणून गिऱ्हाईक मलाच इचारतं. लई दिवस सांगीन म्हणत हुतो.
पाटीचं डिझाइन माझंच. रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिलो आणि वाचून बघितली. वाचता आली. पण मला ती पाठच होती.