आईला बंद डबा बघवत नाही

२ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! नोकरी लागली आणि नोकरीबरोबर डोक्यावर छप्परही मिळालं. नव्या इमारतीतला सॅम्पल फ्लॅट सजवायचा, येणाऱ्या गिऱ्हाइकांना हसून दाखवायचा आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायचं. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच. टीव्ही पुठ्ठ्याचा, फळं प्लास्टिकची, पुस्तकांच्या नुसत्या पाठी, आणि नळाला पाणी फक्त माझ्या खोलीत. मला मात्र जाम आवडलंय. रोजनिशी एप्रनच्या खिशात, पेन्सिल अंबाड्यात, असा माझा थाट.

मॅडम, म्हणजे सजावटीचं काम घेणाऱ्या आमच्या मालकीणबाई, म्हणाल्या की महिनाअखेर आईलाही घेऊन ये. ऐकून डोळेच भरून आले. दादाकडे ती पॅसेजमध्ये झोपते आणि वहिनी फराळाच्या डब्यांना कुलूप लावते. कारण आईला बंद डबा बघवत नाही. दिसला की झाकण उघडून आत डोकावणारच. खायचं नसतं तिला, नुसतं बघायचं असतं. मीही त्याच वळणावर गेलेय.

५ तारीख, गुरुवार

मॅडमना हॉलच्या भिंतीवर जुने रोलचे कॅमेरे हवेत. ज्यांनी उभ्या जन्मात रोल भरला नाही त्यांनाच त्यांचं कौतुक फार! दिवसभर जुन्या बाजारात पायपीट केली. घड्याळवाल्याकडे कातडी पाकिटातले दोन मिळाले आणि भंगारवाल्याकडे एक चांगला मोठा, चौकोनी. त्याचं शटर गंजून उघडंच बसलंय आणि पाठीवर काळी चिकटपट्टी वेढ्यावर वेढे घालून गुंडाळलीय. भंगारवाला म्हणाला की शोभेलाच ठेवायचा तर उघडता कशाला. घासाघीस न करता देऊन टाकला. इतका सरळ भंगारवाला मी पहिल्यांदाच पाहिला.

६ तारीख, शुक्रवार

सुतारानं भिंतीवर फळी ठोकली, तीही तिरकी. मग सरळ केली, माझ्यावर डाफरत.

दुपारी चिकटपट्टी सोलत बसले. ज्यानं लावली त्याला दुसरा काही उद्योग नसावा. आत रोल असेल म्हणून खटका ओढून पाठ उघडली. कसला रोल! रिकामा. कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडावा तशी हवा तेवढी तोंडावर आली. पाठ लावून मधोमध ठेवला. बाकीच्यांपेक्षा तोच उठून दिसतो.

७ तारीख, शनिवार

आज गिऱ्हाइकं गेल्यावरही एक बाई सोफ्यावर बसून राहिली. झालरीच्या कॉलरचा जुनाट झगा, डोळे उजेडानं मिचमिचे झालेले. चक्कर आली असेल म्हणून पाणी दिलं. पाणी पिऊन ती रडली.

म्हणाली, फार उपकार झाले, पण मला माफ कर. तिनंही कधीकाळी असाच तो कॅमेरा उघडला होता. आतली बाहेर पडली आणि ही आत गेली, हळूहळू, दिसामाशी. मुलांनी उघडू नये म्हणून तिच्या नवऱ्यानंच चिकटपट्टी गुंडाळली. जो उघडेल त्याची पाळी, असं ती म्हणाली.

हिचा स्क्रू ढिला आहे, मी मनात म्हटलं. जाताना तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात थंडगार होते.

९ तारीख, सोमवार

भाजी आणायला निघाले. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि हॉलमध्येच उभी, फळीसमोर. पुन्हा गेले. पुन्हा फळीसमोर. आधी हसू आलं, मग दरदरून घाम फुटला.

वॉचमनकाकांना हाका मारल्या. ते आत डोकावले, माझ्याकडे बघितलं— माझ्याकडे नाही, माझ्यातून पलीकडे. दिवा मालवून, दार ओढून निघून गेले.

१० तारीख

कॅमेरा पुन्हा उघडायला गेले. बोटं खटक्यातून आरपार जातात.

आईला फोन लावला. मी घसा फोडून ओरडत होते आणि ती नुसती हॅलो हॅलो करत होती. मग कुणाला तरी म्हणाली, काही ऐकू येत नाही, नुसतं खट् खट् वाजतंय. ठेवला तिनं.

आता फोनही बंद पडलाय. मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

१२ तारीख

खिडक्या काळ्या. रंग दिल्यासारख्या. भिंती पुढे सरकल्यात— दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे टेकतात. काळ्या, खरखरीत.

१४ तारीख असावी

समोर एक गोल भोक, तेवढाच उजेड. त्यातून हॉल दिसतो. उलटा. सोफा छताला लटकलेला. मॅडम डोक्यावर उभ्या असल्यासारख्या, फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की पोरगी न सांगता पळाली. पळता आलं असतं तर—

हॉल फळीवरून दिसतो तसा दिसतोय. मधोमधून.

ती वेडी नव्हती.

तारीख माहीत नाही

भूक नाही, झोप नाही. पाय पसरता येत नाहीत. अंदाजानं लिहितेय, ओळीवर ओळ चढत असेल.

गिऱ्हाइकं येतात, बोट लावतात. उघडा. कुणीही उघडा. आज एका बाईनं हातात घेतला होता. तरुण होती, कडेवर मूल. मी म्हणत होते उघड, उघड गं— तिचं काय होईल, मला पर्वा नव्हती. अजूनही नाही. मला बाहेर पडायचंय. तिचा नवरा खेकसला, ठेव ते, मोडशील.

ठेवला तिनं.

—

चपला दिसल्या. उलट्या, तरी ओळखल्या. अंगठा शिवलेला.

आई आलीय. एकटी. हातात पिशवी.

मॅडमना सांगतेय की माझी पोर न सांगता जाणारी नाही. भांडतेय. माझी आई भांडतेय! दादासमोर तोंड न उघडणारी.

मॅडम म्हणतात खोलीतलं सामान घेऊन जा. हे कॅमेरेही तिनंच हौसेनं आणले होते म्हणाल्या—

नाही. ते कशाला सांगितलं. नाही—

फळीकडे येतेय.

अंधार. भोकावर तिचा तळहात. उचललं मला. सगळं हललं.

थांबलीय. रडतेय का?

आई, खाली ठेव. बरी आहे मी. खरंच बरी आहे. दादाकडे जा, पॅसेजमध्ये झोप, पण हा एवढा एक डबा—

खटक्याशी चाचपडतेय.

आई नको गं. आजवर कधी ऐकलं नाहीस, आज ऐक, आई, तुला आतलं काही दिसणार—

कागदावर उजेडाची रेघ. माझं अक्षर मला दिसायला ला