लाल खुणेचा दगड

गुरुवार, संध्याकाळ

गोखिवऱ्याची विहीर बुजवली. सरकारी नोंदीसाठी मी दर मोसमात तिथलं पाणी किती खोल गेलंय ते मोजायचे. काठच्या दगडावर लाल खूण होती, फीत तिथूनच सोडायची. आज तिथं इमारतीचा पाया. विहीर जनूकाकांची; त्यांच्या मुलांनी जागा विकली, पण काकांनी तो दगड काढून ठेवलेला.

"घे बाय, तुझी निशानी. आता कुठंपन ठेव नि मोज."

काय सांगायचं त्यांना? साहेब म्हणतात, जवळची दुसरी विहीर धरा. धरीन. पण इतक्या वर्षांचे आकडे त्या एकाच पाण्याचे होते ना? ते इथंच थांबले.

दगड गॅलरीत ठेवलाय. निघताना काकांनी विचारलं, "पावसानंतर येशील ना, पानी बघायला?"

तोंडातून हो निघून गेलं.