डाव्या दाराचा पोचा कायम राहण्याबाबत

प्रति,
मा. वाहन नोंदणी अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय (खिडकी क्र. ४ मार्फत)

विषय : माझ्या मोटारीचे मूळ पत्र्याचे भाग परत बसवण्याचा लेखी आदेश माझ्या मुलास मिळणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, जावक क्र. ४१७, "वाहन पुस्तकातील वर्णनाशी जुळत नाही."

महोदय,

आपली नोटीस खरी आहे, हे प्रथम कबूल करते.

१. सदर मोटार आम्ही सेहेचाळीस वर्षांपूर्वी नवी घेतली. यजमानांच्या पश्चात ती माझ्या नावावर आहे. चालवायला शिकताना तिसऱ्याच दिवशी फाटकाचा खांब मला दिसला, पण उशिरा. डाव्या दाराला बशीएवढा पोचा आला. यजमान उतरले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "खांबाला लागलं नाही ना फार?" पोचा त्यांनी शेवटपर्यंत काढू दिला नाही. पुढे आपल्या खुर्चीवरील तेव्हाच्या साहेबांनी नोंदणी पुस्तकात 'ओळखीची खूण : डाव्या दारास पोचा' अशी नोंद केली. अक्षर वळणदार होते. हल्ली तसे दिसत नाही.

२. माझे चिरंजीव, वय एक्कावन्न, यांना गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या शर्यतीची हौस लागली. गाडी जड आहे, असे त्यांचे मत पडले. त्यांनी बॉनेट, डिकीचे झाकण, मडगार्ड व दोन्ही दारे काढून फायबरची बसवली. नवे बॉनेट वाऱ्याने उघडते, म्हणून पट्ट्याने बांधावे लागते. चिरंजीवांचे स्वतःचे वजन एकशे चार किलो आहे. सुरुवात तिथून करावी, असे मी सुचवले असता "आई, तुला यातलं काही कळत नाही," असे उत्तर मिळाले.

३. तपासणीसाठी खूण हवी, म्हणून त्यांनी नव्या दारावर हातोडा मारला. फायबरला पोचा येत नाही, तडा जातो. आपले निरीक्षक म्हणाले, "अहो, ही भेग आहे. पुस्तकात पोचा लिहिलाय." निरीक्षकांचे म्हणणे मला पटले.

४. त्याच सकाळी चिरंजीव मला म्हणाले होते, "आई, चल, तुला फिरवून आणतो." तीन वर्षांत असे ते प्रथमच म्हणाले. मी ठेवणीतले कपडे घातले, केस नीट विंचरले. गाडी आपल्या वजनकाट्यावर चढली, तेव्हा फिरायला नेण्याचे कारण कळले. निरीक्षक म्हणाले, "आजी, उतरा." पुस्तकात ९६० किलो आहेत. माझ्यासकट ८४२ भरले होते.

५. काढलेले सर्व भाग माझ्या खोलीत ठेवले आहेत. बॉनेटमुळे कपाट उघडत नाही. डावे दार पलंगाशी टेकवले आहे. त्याची काच अजून फिरते. उकडले की मी ती खाली करते. खूण पाहायची, तर पुस्तकातील मोटार आज माझ्या खोलीत आहे. निरीक्षकांना तेथे पाठवावे. बसायला मागची सीट आहे, तीही काढली आहे.

६. आता चिरंजीवांनी जुनी नोंदणी रद्द करण्याचा फॉर्म आणला आहे. सही मालकाची, म्हणजे माझी लागते. सही झाली की सोमवारी हे भाग न्यायला भंगारवाला येणार. "कर ना सही, नुसता पत्रा तर आहे," असे दिवसातून चार वेळा ऐकते. सून मात्र चहाचा कप रोज नेमका त्या फॉर्मवर ठेवते.

तरी पंधरा दिवसांत मूळ भाग बसवावेत, असा आदेश द्यावा. त्यावर शिक्का ठळक असावा. आईचे ते ऐकत नाहीत, पण शिक्क्याला लहानपणापासून घाबरतात.

आपली नम्र,
(वजनात न धरलेली) नोंदणीकृत मालकीण
सही / —
दिनांक : १२ मार्च

सोबत :
१. नोंदणी पुस्तक.
२. रद्द करण्याचा फॉर्म, सहीविना, कपाच्या डागासह.
३. डावे दार जोडता आले नाही. जड आहे. हलके असते तर स्वतः उचलून आणले असते. पण मग हा अर्जच करावा लागला नसता.