नगरपालिकेस कळविले

दि. ४ फेब्रुवारी

चि. फौजदारास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पहाटे पाचला उठवून पळवतात हे वाचून आईला वाईट वाटलं आणि मला बरं वाटलं. पोट तरी उतरेल. तुम्हा प्रशिक्षणार्थींचे फोन जमा करून घेतलेत तेही एका परीने ठीकच. रविवारची दहा मिनिटं तुझ्या बायकोची, आणि मला जे विचारायचंय ते फोनवर विचारण्यासारखं नाही.

सोमवारी संध्याकाळी मास्तरीणबाई वाचनालयामागच्या गल्लीत गटाराच्या उघड्या चेंबरमध्ये पडल्या. तुला आणि मला पाढे शिकवणाऱ्या आपल्याच मास्तरीणबाई. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं, पण पुन्हा चालतील की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. वय एक्क्याऐंशी.

झाकण कधीपासून नव्हतं याची शोधाशोध झाली, तेव्हा तुझ्या जागी आलेल्या हवालदाराने चौकीतली गस्तवही काढून दिली. १२ जानेवारीच्या पानावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, 'वाचनालयामागील गल्ली, चेंबरचे झाकण नाही. नगरपालिकेस कळविले.' खाली तुझी सही. आमच्या तक्रारवहीत मात्र त्या तारखेला काहीच नाही. ती वही गटारांच्या मुकादमाच्या ताब्यात असते हे तुला ठाऊक आहे. मुख्याधिकाऱ्यांनी सरळ अर्थ काढला, की पोलिसांनी सांगितलं आणि मुकादमाने लिहूनच घेतलं नाही. त्याला नोटीस दिलीय. १९ तारखेला चौकशी आहे, आणि दोष शाबीत झाला तर बडतर्फ करणार. निवृत्तीला सात महिने उरलेत रे त्याच्या!

वॉर्डाची नगरसेविका मी, त्यामुळे चौकशीला मलाही बसायचंय. समोर माझ्याविरुद्ध उभा राहणारा रंगवाला असेल. एप्रिलमध्ये निवडणूक, म्हणून त्याचं रंगाचं दुकान सध्या भाऊच चालवतो आणि हा दिवसभर पालिकेत ठाण मांडून असतो.

तेव्हा आठवून लिही, त्या दिवशी तू पालिकेत नेमकं कुणाला सांगितलंस? मुकादमाला, कारकुनाला की आणखी कुणाला?

आई बरी आहे, पण गप्प गप्प असते. स्वयंपाकघरातलं निळं स्टूल कुठं गेलं म्हणून विचारलं तर म्हणाली, येईल परत. स्टूल काय आपल्या पायांनी चालत येणार आहे?

तुझं उत्तर आलं की माझा जीव भांड्यात पडेल.

तुझी,
ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि जेवणाच्या ताटावरून उठलो. कुणाला सांगितलं म्हणून विचारतेस. ताई, मी तुलाच सांगितलं.

आठव. गस्त संपवून नेहमीप्रमाणे तुझ्याकडे चहाला आलो होतो. तू ओट्यापाशी, फोन कानाला, पाण्याच्या टाकीवरून कुणाशी तरी हुज्जत चाललेली. आई निळ्या स्टुलावर बसून मटार सोलत होती. मी म्हटलं, वाचनालयामागचं झाकण कुणीतरी उचलून नेलंय, माणूस आत जाईल. तू माझ्याकडे बघून हं म्हणालीस, सांगते म्हणालीस. मी तिथेच टेबलावर वही उघडून लिहिलं आणि सही ठोकली.

पाच वर्षं हेच चाललंय. दिव्याचा खांब वाकला, नळ फुटला, कुत्रं मेलं, मी तुला सांगायचं, तू फोन करायचास, की तासाभरात माणूस हजर. वर चहा. पालिकेत जाऊन तक्रारवहीत नोंद करायची आणि पोच घ्यायची, हा नियम मला पाठ आहे. इथं वर्गात परवाच तो मी इतरांना समजावून सांगितला आणि साहेबांनी शाबासकी दिली. आता सांग, कुठं तोंड लपवू?

तू लगेच काही बोलू नकोस, एवढं मात्र ऐक. रंगवाल्याच्या हाती हे लागलं तर तो तुला वॉर्डात फिरू देणार नाही. मला थोडा विचार करू दे. मास्तरीणबाई कशा आहेत ते न चुकता लिही.

आईला नमस्कार. रागावू नकोस.

तुझा,
फौजदार (अजून हवालदारच)


दि. १३ फेब्रुवारी

चि. फौजदारास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता सगळं आठवलं. तुझ्या टोपीवर धुकं बसलं होतं तेसुद्धा आठवलं. हं म्हणाले, आणि फोन ठेवला तेव्हा डोक्यात टाकीशिवाय काही नव्हतं. मेली ती टाकी! मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

काल दवाखान्यात गेले होते. मास्तरीणबाईंनी तुझी चौकशी केली, फौजदार झाला का म्हणून. लहानपणी वर्गातल्या सगळ्यांच्या चुगल्या त्यांना तूच सांगायचास म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलं, आठवतंय ना? कुणावर राग नाही म्हणाल्या, स्वतःच्या चष्म्यावर तेवढा आहे. मी उशी सारखी केली आणि सांगायचं ते न सांगताच निघाले.

पण खरं लिहायचंय ते पुढेच आहे. आज सकाळी मुकादम घरी आला. आत बोलावलं तर आला नाही, पायरीवरच बसला. नोटीस रद्द करा, शब्द टाका, यातलं काही नाही. त्याने एवढंच विचारलं, की फौजदारसाहेब आपल्याशी बोलले होते आणि आपणच विसरलो, असं झालं असेल का? हल्ली किल्ल्या कुठं ठेवल्या ते आठवत नाही, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतो, म्हणाला. साहेब खोटं लिहिणार नाहीत, म्हणजे आपणच विसरलो असणार. तसं लिहूनच देऊन टाकतो, असं म्हणत होता.

मी त्याला चहा दिला. बाकी काही बोलले नाही. ऐकतोयस ना? तुझी बहीण काही बोलली नाही. तो गेल्यावर आई आतून आली, कप उचलला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि विसळायला निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

मला हे झेपणार नाही. १९ तारखेला काय करीन ते माझं मलाच माहीत नाही.

ताई


दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे तुझ्या हाती पडेपर्यंत चौकशी होऊन गेली असेल, म्हणून आधी काम केलं आणि मग लिहायला बसलो. मुख्याधिकाऱ्यांना जबाब स्पीड पोस्टाने पाठवलाय. त्यात लिहिलंय, की १२ जानेवारीला मी कुणालाही काही कळवलं नाही, नोंद नुसती सवयीने केली. मुकादमाचा काही संबंध नाही.

मुकादम सुटला. तुझं नावही कुठं आलं नाही. माझी बढती थांबेल कदाचित, पण फौजदार म्हणून हाक मारणारे तुम्ही आहातच की. तू फक्त गप्प राहा. आयुष्यात एकदा तरी धाकट्याचं ऐक.

तुझा,
फौजदार


दि. २० फेब्रुवारी

चि. फौजदारास,

आशीर्वाद नंतर. अरे शहाण्या, तुला कुणी सांगितली होती ही अक्कल पाजळायला?

काल चौकशीत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. भावाने माझ्या घरी सांगितलं, मी हं म्हटलं, विसरले, चूक माझी.  मुख्याधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग टपालातला एक लिफाफा फोडला आणि तुझा जबाब मोठ्याने वाचला. कुणालाही काही कळवलं नाही!

रंगवाला हसला बघ. म्हणाला, बहीणभावांनी निदान तालीम तरी एकत्र करायची होती. मुकादमाच्या वस्तीची मतं यांना हवीत, म्हणून त्याला सोडवायला एकाने एक गोष्ट रचली आणि दुसरीने दुसरी.  मी खरं बोलत होते आणि तोंड खोटारड्याचं झालं होतं.

आणि मुकादमाने खरोखरच लिहून दिलं होतं. साहेबांनी सांगितलं असेल, आपल्या लक्षात राहिलं नसेल, खाली सही. मुख्याधिकारी म्हणाले, दोन जबाब एकमेकांना खोटं पाडतात, मग हातात उरते ती गस्तवही आणि ही कबुली. पुढची तारीख १ मार्च, त्या दिवशी निकाल. बाहेर पडताना मुकादमाने मला हात जोडले, माझ्यासाठी खोटं बोलायला नको होतं म्हणाला. मला तिथेच रडू फुटलं.

आपण दोघं एकमेकांना वाचवायला धावलो आणि तो बिचारा होता तिथेच राहिला. आता आपल्यावर कोण विश्वास ठेवणार ते तूच सांग.

ताई


दि. २४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

ताईचं पत्र वाचलं. आधीचा जबाब मागे घेऊन खरं काय ते इथल्या साहेबांना आणि मुख्याधिकाऱ्यांना लिहून दिलंय, पण आता माझ्या शब्दाला काय किंमत? रजा मागितली होती, मिळाली नाही.

आई, त्या दिवशी तू तिथेच मटार सोलत होतीस. तू सगळं ऐकलंस. तुला काय करायला सांगतोय ते मला कळतंय, आणि ते लिहिताना हात चालत नाही. तू गेलीस तर आम्हा दोघांना तुझ्याच तोंडाने दोषी ठरवशील. तरीही जा. मुकादमासाठी जा.

उत्तर नाही दिलंस तरी मी समजून घेईन.

तुझा,
बाळ


दि. २ मार्च

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर गिचमिड आहे, लावून वाच. ताई लिहून देते म्हणाली, मी नको म्हटलं.

तुझं पत्र यायच्या आधीच माझं ठरलं होतं. मी गप्प का होते ते तुला सांगते. बोलले असते तर एकाची नोकरी आणि एकीची खुर्ची गेली असती. आणि दुसरंही होतं. त्या दिवशी तू सांगितलंस, हिने हं म्हटलं, पण हिचं लक्ष नाही हे मला दिसत होतं. तू गेल्यावर मी निळं स्टूल उचललं आणि त्या भोकावर नेऊन ठेवलं. वाचनालयाच्या शिपायाने विचारलं तर म्हटलं, मुलीच्या कानावर घातलंय, झाकण येईपर्यंत हे असू दे. घरी आले आणि पुन्हा हिला एका शब्दाने आठवण केली नाही. स्टूल ठेवलं म्हणजे काम झालं असं मलाही वाटलं. वीस दिवस ते तिथे होतं. त्या सोमवारी हातगाडीला अडतं म्हणून शिपायाने ते आत घेतलं, मग परत ठेवू म्हणाला आणि कुलूप लावून घरी गेला. संध्याकाळी बाई पडल्या. तेव्हापासून तोही माझ्यासारखाच गप्प होता.

मी त्याच्या घरी गेले, बायकोसमोर त्याला बोलावलं आणि म्हटलं, चल. काल तो स्टूल घेऊन माझ्यासोबत आला. स्टुलाच्या खाली तू दुसरीत असताना खिळ्याने फौजदार असं कोरलंयस. ते मुख्याधिकाऱ्यांनी उलटं करून बघितलं. १२ तारखेलाच मी काय बोलले ते शिपायाने सांगितलं. मी एवढंच म्हटलं, याने सांगितलं, हिने हं म्हटलं, मी स्टूल ठेवलं. पालिकेला कळवायचं आम्हा तिघांपैकी कुणीच केलं नाही. 

मुकादमाची नोटीस मागे घेतली. ताईने तिथेच राजीनामा लिहून दिला आणि तशीच दवाखान्यात गेली. बाईंनी तिला अर्धा तास समोर बसवून ठेवलं, काय बोलल्या ते ती सांगत नाही. पण आज पुन्हा गेलीय, बाईंना धरून चार पावलं चालवायची म्हणून. तुझं काय ते तुझे साहेब ठरवतील, कागद तिकडे आलेत. जे होईल ते सोस.

संध्याकाळी मुकादम स्टूल घेऊन घरी आला. या वेळी आत आला. मला वाटलं नोकरीचं बोलेल. तो म्हणाला, आजी, माझं डोकं शाबूत आहे. जे कधी घडलंच नव्हतं, ते मी चार आठवडे आठवत बसलो होतो. एवढं बोलून तो लहान पोरासारखा रडायला लागला. ताई दारात उभी होती. मी त्याच्यापुढे स्टूल सरकवलं आणि बसा म्हटलं.

हे पत्र मिळालं की मिळाल्याचं लिहून कळव. कुणाच्या तोंडी निरोप नको.

तुझी,
आई