वहिनी अजून पाण्यातच आहे

डोंगरपायथ्याचं हॉटेल,
ता. ३ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

आम्ही नणंद-भावजय सुखरूप पोचलो. तू दिलेल्या सगळ्या सूचना पाळल्या. खिडकीजवळ बसलो नाही, अनोळखी माणसाशी बोललो नाही, आणि वहिनीचे गुडघे शालीत गुंडाळून आणले. गाडीतल्या एका गृहस्थाने शालीत मांजर आहे का असं विचारलं. अनोळखी होता, म्हणून आम्ही उत्तर दिलं नाही.

हे हॉटेल तू पसंत केलंस तसंच आहे. भिंतीला पांढऱ्या फरशा, त्यावर चौकटीत नियम, आणि काठावर शिट्टी घेऊन बसलेली एक बाई. पाणी डोंगराच्या पोटातून येतं म्हणे, पण नळातून इथवर येईतो नको असलेल्या पाहुण्याच्या चहासारखं कोमट होतं. वहिनी रबरी टोपी घालून पायरीवर बसते, शिट्टी वाजली की उठते. कसं वाटतंय विचारलं की बरं आहे म्हणते. तुझ्या बायकोच्या ‘बरं आहे’चा अर्थ तुला ठाऊक असेलच. नसेल तर कठीण आहे.

दादा, नोकरीत असताना या डोंगराचा नकाशा मीच काढला होता. गरम झऱ्याची खूण म्हणजे निळा ठिपका आणि त्यावर वाफेच्या तीन रेघा. वरच्या अंगाला असे कितीतरी ठिपके मी दिले, पण बुडाखालची खुर्ची सोडून एकही पाहिला नाही. हे आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं, तू काळजी करू नकोस.

डॉक्टरांची व्यवस्था झाली आहे. माणूस अनुभवी आहे, पायांच्या दुखण्यात हयात गेली. फक्त पुढचं पत्र वरच्या गावाच्या टपाल कचेरीवर टाक. इथलं टपाल फार रेंगाळतं.

लोभ आहेच, तो रागावल्यावरही राहू दे.
तुझी धाकटी

---

घर,
ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर हल्ली फार बारीक झालं आहे, जरा मोठं लिहीत जा. कागद काही महाग नाही.

पायथ्याच्या हॉटेलात राहणाऱ्यांचं टपाल वरच्या गावाला कशाला, हे मला कळलं नाही. वर डोंगर धुमसतो असं पेपरात वाचलं आहे. तुम्ही खालीच राहा. पाण्यात उतरण्याआधी कोपर बुडवून बघा. डॉक्टरांचं नाव आणि शिक्षण कळव.

माझं उत्तम चाललं आहे. चहात एकदा मीठ पडलं, पण डबे सारखे असले की असं होणारच. समोरच्या वकिलांनी मात्र उगीच तमाशा केला. मी शिवलेली नवी पँट घालून कोर्टात गेले आणि न्यायाधीशांपुढे खिशात हात घालायला लागले, तर खिसेच शिवलेले. आता दोरा कापडाच्याच रंगाचा आणि कापड काळं म्हटल्यावर कुणाचंही होईल. भरचौकात मला म्हणाले की वकिलाचा खिसा बंद करणारा तू पहिलाच.

असो. मुख्य गोष्ट. चिरंजीवाचं पत्र आलं. आमच्यासाठी खोली रंगवून तयार आहे. महिनाअखेरीस दुकानाची पाटी उतरवायची ठरवली आहे. भांडीकुंडी बांधायची आहेत, तेव्हा तिला वीस तारखेच्या आत घेऊन ये. तिला तसं सांग. तिचा काही प्रश्न नाही, ती नाही म्हणायची नाही.

तब्येतीस जपा. तिला माझं विचारणं सांग.
तुझा दादा

---

वरचं गाव,
ता. १४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अक्षर मोठं काढलं आहे. आता वाचून झाल्यावर आवाजही मोठा काढशील.

आम्ही हॉटेलात नाही. ते तीन दिवसांतच सोडलं. तेव्हा पुढचं उभ्याने वाचू नकोस.

वरच्या गावाला पोचवणारी गाडी जनावरांच्या डॉक्टरांची निघाली. होय, तेच डॉक्टर. पायांच्या दुखण्यात हयात गेली हे मी खोटं लिहिलं नव्हतं, फक्त पाय चार असतात एवढं राहून गेलं. त्यांनी वहिनीचे गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले की घोडी असती तर चढण बंद केली असती, पण बाई आहे, ऐकणार नाही, तेव्हा सावकाश चढू दे. त्यांच्याच बहिणीच्या घरी माडीवरची खोली घेतली आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. मधूनच झोपेत कूस बदलावी तसा हलतो आणि कपाटातल्या बश्या वाजतात. पहिल्या दिवशी आम्ही पलंगाखाली शिरलो. आता बश्या धरतो.

मग ठिपके शोधायला निघालो. पायवाट अशी नाहीच. काळे, जाळीदार दगड आणि मधे राखेची भुसभुशीत माती. चपलेतून जमीन गरम लागते, आणि एका ठिकाणी पाय आपटला की खाली पोकळी असल्यासारखं घुमतं. आधी आम्ही दोघींनी एकमेकींकडे संशयाने बघावं असा वास येतो, मग पिवळी गंधकाची कड दिसते आणि दोघींची अब्रू वाचते. पहिल्या ठिपक्यात नुसता चिखल रटरटत होता. दुसऱ्याचं पाणी इतकं उकळतं की रुमालात बांधून सोडलेली अंडी आम्ही गप्पा मारेपर्यंत शिजली. तिसरा ठिपका मी नकाशावर ओढ्याच्या चुकीच्या काठाला दिला होता. वहिनी म्हणाली, सरकारला कळवू या. मी म्हटलं, मुळीच नाही, चुकला आहे म्हणून तर इथे कुणी येत नाही.

दादा, तिथे वरून गरम धार येते, बाजूने थंड ओढा येतो, आणि दोन्ही मिळतात तिथे गळ्याइतकं खोल, हिरवंगार पाणी साचलं आहे. वर झाडांचं छत. शिट्टी नाही की नियम नाहीत. वहिनी जुन्या गाऊनवर उतरली. गाऊनमध्ये हवा शिरून तो असा फुगला की ती चहाच्या किटलीवरल्या टोपीसारखी तरंगायला लागली, आणि हसली. तुझं लग्न झाल्यापासून मी तिला ओळखते. असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. डोंगरही गप्प झाला.

मग मी तिला तुझा निरोप सांगितला, वीस तारखेचा. ती बराच वेळ पाण्यावर पडून राहिली. मग म्हणाली की तिला मुलाकडे जायचं नाही. मुलगा-सून चांगली आहेत, पण तिथे खिडकीत बसण्याखेरीज काम नाही. आणि दुकान बंद करायचं हे तिला आधी गिऱ्हाइकाकडून कळलं. मी विचारलं, मग दादाला बोलली का नाहीस? तर म्हणाली, ह्यांच्या तोंडात कायम टाचण्या असतात. काहीही सांगा, हं म्हणतात.

तर निरोप असा, की ती वीस तारखेला येत नाही. हे लिहीत असतानाही वहिनी पाण्यातच आहे.

रागावलास तरी माझीच आठवण काढशील, एवढं पुरे.
धाकटी

---

घर,
ता. १९ मार्च

धाकटे,

आशीर्वाद वगैरे नंतर.

ढोरांचा डॉक्टर! आणि तू तिला जिवंत डोंगरावर नेलंस! साठी उलटलेल्या दोन बायका उकळत्या पाण्यात अंडी शिजवतात आणि वर मला पत्राने कळवतात! तुला लहानपणीच दोन धपाटे घातले असते तर आज ही वेळ आली नसती. घालायला धावलो होतो, पण तू झाडावर चढलीस.

आणि तोंडात टाचण्या असतात म्हणे. टाचण्या खिशात ठेवून कुणी शिवतं का? तिला सांग, मी सगळं ऐकत असतो. तिला सांग की दुकान बंद करण्याला कारण आहे, आणि ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तिला सांग की घरात काही सापडत नाही. तिला सांग, ताबडतोब निघ.

दादा

---

वरचं गाव,
ता. २४ मार्च

अहो,

तुमची सगळी पत्रं वन्संच्या नावाने आणि मी त्यांत आतून लावलेल्या अस्तरासारखी. म्हणून मीच लिहिते.

मी खुशाल आहे. गुडघे वाकतात. काल वाटेत एक शेळी आडवी आली, तिला वळसा घालून मी वन्संच्या आधी वर पोचले.

रागाने आले नाही, आणि रागाने थांबलेही नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि घरी ते जमत नाही. तिथे गिऱ्हाईक येतं, वकील येतात, दूधवाला येतो, आणि कुणी नाही आलं तर मशीन चालू असते. कारण पत्रात लिहिण्यासारखं नसेल तर इथे येऊन सांगा. वन्सं उद्या खाली उतरताहेत. दुकानाची किल्ली त्यांच्या हाती द्या आणि निघा. त्या शिवणार नाहीत, नुसत्या बसतील. एवढं त्यांना जमेल, सरकारी नोकरीत होत्या.

येताना जुनी पँट आणा. आणि कोपर बुडवून बघायची तुमची फार इच्छा आहे ना, तर तेही घेऊन या.

वाट बघते आहे.
तुमची

---

दुकान,
ता. २९ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाला गाडीत बसवून दिलं. जाताना त्याने मला दुकानाच्या इतक्या सूचना दिल्या की गाडी सुटल्यावर उरलेल्या तो खिडकीतून ओरडत होता. तू म्हणालीस तशी नुसती बसले आहे. आल्या-गेल्याला सांगते की शिंपीदादा डोंगरावर तब्येतीला गेले आहेत. वकील म्हणाले, बरं झालं, आता डोंगराचे खिसे शिवतील.

वहिनी, आता थट्टा बाजूला ठेवून एक लिहिते. इथे बसून बसून हात चाळवले म्हणून मी तयार कपड्यांची घडी घालायला घेतली. एका कोटाची डावी बाही उजवीकडे आहे. एका सदऱ्याला बटणं पांढरी, एकच पिवळं. मशीनवर दोरा ओवलेल्या सुयांची रांग टोचून ठेवली आहे. शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की तू गेल्यापासून दादा रोज सकाळी त्यांच्या सुनेकडून दिवसभराच्या सुया ओवून नेतो. तिला सांगितलं होतं की कुणाला बोलायचं नाही. म्हणून तिने सगळ्या गल्लीला सांगितलं, फक्त आपण दोघी इथे नव्हतो.

हे सगळं तो गेल्यावर कळलं, त्याला काही विचारता आलं नाही. तू त्याच्या डोळ्यांकडे नीट बघ. उजेडात.

माझ्यावरची माया सुईच्या नाकाएवढी तरी ठेव.
तुझी धाकटी

---

वरचं गाव,
ता. ६ एप्रिल

प्रिय वन्सं,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचं पत्र आलं, पण त्याआधीच सगळं होऊन गेलं होतं. आता सावकाश सांगते.

हे उतरले तेच कोट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले की रंग उजळला आहे. एवढं म्हणून लाजले, आणि लगेच डॉक्टरांवर घसरले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि ह्यांचे दात बघू का असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी वर नेलं. वाटेत माझा हात घट्ट धरून होते. मला वाटलं, प्रेम. पण प्रेम सपाट जागीसुद्धा पाऊल चाचपून टाकत नाही. पाण्याजवळ कपडे झाडाला लावताना ह्यांनी ते नेमके नसलेल्या फांदीवर ठेवले, सगळे ओढ्यात. कोट वाहत निघाला. हे त्याच्या मागे, मी ह्यांच्या मागे, आणि तिघे मिळून त्या गळ्याइतक्या पाण्यात. कोपर बुडवायचं राहूनच गेलं.

आणि वन्सं, तिथे आम्ही भांडलो. उभ्या संसारात पहिल्यांदा मोठ्याने. भिंती नाहीत, शेजारी नाहीत, मग आवाज कुणासाठी दाबायचा? मी म्हटलं, मुलाकडे जायचं नाही. हे म्हणाले, जायचंच. मी म्हटलं, दुकान माझंही आहे, काजं-बटणं करून माझी बोटं झिजली, मला विचारल्याशिवाय पाटी कशी उतरते? हे म्हणाले, तुला काय कळतं? तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्हाला आवडलं असतं. खालच्या कुरणातून डॉक्टर धावत वर आले, त्यांना वाटलं एखादं खेचर वाफेत पडलं. आम्ही दोघांनी एकदमच त्यांना जायला सांगितलं.

ते गेले. मग हे पाण्याकडे बघत म्हणाले, मला दिसत नाही. सगळं धुरकट आहे. आधी वाटलं काच पुसायला हवी, मग वाटलं दिवा बदलावा, मग कळलं की मीच. आंधळ्या शिंप्याची बायको म्हणून गावात तुला कुणी कीव करत बघू नये, म्हणून मुलाकडे जायचं ठरवलं. तिथे मला कुणी ओळखत नाही.

मला रडू आलं. वाफ होती म्हणून चाललं. मग मी ह्यांची हनुवटी धरली, तोंड उन्हाकडे वळवलं आणि डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बाहुल्या दुधाळ. अहो वन्सं, मोतीबिंदू! माझ्या आईला होता, तुमच्या मावशीला होता. मी विचारलं, डॉक्टरकडे गेलात का? तर नाही. का? तर डोळ्याला हत्यार लावतात. जन्मभर लोकांच्या गळ्याभोवती कात्री फिरवणारा माणूस! मी इतकी हसले की ह्यांना आधी राग आला, मग तेही हसले, आणि हसता हसता नाकात पाणी गेलं. सबंध दुपार आम्ही बोललो. बोटांना सुरकुत्या पडल्या. ह्यांनी एकदाही हं म्हटलं नाही.

ठरलं ते असं. मुलाला मी लिहिते, रंगवलेली खोली पाहायला येऊ, राहायला नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात तुम्ही नाव घालून ठेवा, नाहीतर खाली उतरेपर्यंत ह्यांचं धाडस कोरडं होईल. डोळे नीट होईपर्यंत कापड मी बेतणार. आजवर त्या मोठ्या कात्रीला ह्यांनी मला हात लावू दिला नव्हता. अट घातली आहे की पहिली पँट त्यांची स्वतःची. गिऱ्हाईक वाचवताहेत. मी हो म्हटलं. वकिलांचा कोट मागवून घ्या, दुसरा नंबर त्यांचा.

आज निघायचं होतं. सामान बांधून आम्ही फाट्यावर आलो. गाडी लवकर आली होती आणि सुटत होती. खालच्या वळणावर ती मला दिसली, ह्यांना नुसती ऐकू आली. हात केला असता तर थांबली असती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, गेली का? मी म्हटलं, गेली. तर म्हणाले, जाऊ दे, आणि ट्रंक उचलून वरच्या वाटेला लागलेसुद्धा.

पुढची गाडी शुक्रवारी आहे. दुकान सांभाळा, लोभ सांभाळा, आणि शुक्रवारी आलो नाही तर काळजी करू नका.

तुमची
वहिनी